आहेत का सगळे?

११ जानेवारी

बारक्या,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. कामापुरतं पत्र आहे.

काल तुमच्या सायकल क्लबचे अध्यक्ष घरी येऊन गेले. दारात बूट काढता काढता त्यांनी सवयीने यांना "काय म्हणताय?" असं विचारलं, आणि आपण कुणाला काय विचारलं ते लक्षात आल्यावर बराच वेळ बुटाच्या नाडीशीच बसले. मीही त्यांना घाई केली नाही.

चहा झाल्यावर मुद्द्यावर आले. मार्चच्या पहिल्या रविवारी तुमची सभा आहे आणि ठराव तुझा आहे. क्लबच्या कुठल्याही फेरीला येणाऱ्याने कानशिलं आणि मानेचा वरचा भाग झाकणारं जाड हेल्मेटच घालायचं. हलकं, भोकाभोकांचं घालून येईल त्याला तिथूनच परत पाठवायचं. मागच्या बैठकीत तू यांचं तडकलेलं हेल्मेट हातात धरून बोललास, आणि दोघं-तिघं रडले म्हणे. आता अध्यक्षांची विनंती अशी की सभेला मी यांना घेऊन यावं आणि पुढच्या रांगेत बसावं.

"नुसतं बसायचं, वहिनी. काही बोलायला नको."

"बोलायचं म्हटलं तरी कुठून आणू?" मी म्हटलं.

येणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. ही कल्पना तुझी की त्यांची, ते विचारलं नाही. तुझी असेल तर ऐकून ठेव, माझा नवरा हा तुझ्या सायकलच्या दुकानाच्या काचेत मांडायचा माल नाही.

आणि ते हेल्मेट. हॉस्पिटलात कपड्यांची पिशवी तुझ्या हातात दिली होती. बूट पाठवलेस, फाटका शर्ट धुऊन पाठवलास, तेव्हाच मला वाटलं होतं की एक वस्तू कमी आहे. कमी असणारच. तूच दिलेलं ते, त्यांच्या वाढदिवसाला. त्याआधी हे आपलं जाड, कानशिलं झाकणारं घालून निघायचे आणि तू त्याला टोपलं म्हणायचास. "भावोजी, टोपलं घेऊन आज कुठल्या बाजाराला?" सगळे हसायचे, हेही हसायचे. मग तुझं ते हलकं आलं आणि टोपलं माळ्यावर गेलं. अजून तिथेच आहे. मी काढलेलं नाही.

पण मला तुझ्याशी हेल्मेटवर बोलायचंच नाही. मला दुसरंच विचारायचंय. हे पडले त्या सकाळी रांगेत पुढे तू होतास, तुझ्या मागे हे. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने ओरडून सांगायचं, हा तुमचा नियम. त्या ओरडण्यावरूनच तर तुला सगळे घंटी म्हणतात. एरवी तुझा आवाज नको तिथे लागतो. त्या उतारावर लागला होता का? तू ओरडलास का?

हो किंवा नाही, एवढंच लिही. खाली सही केली नाहीस तरी चालेल.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

मी उत्तर मागितलं आणि तू खोकं पाठवलंस. आत एक जाडजूड हेल्मेट आणि चिठ्ठी, "पोरीला घालायला सांग." विचारलं काय, पाठवलंस काय. लहानपणीही गणिताच्या पेपरात येत नसलेलं उदाहरण सोडून तू समासात विमानं काढायचास.

खोकं परत पाठवणार होते. पण पोरीने माझ्याआधी उघडलं. ती कॉलेजला सायकलनेच जाते, हे तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. मी अडवून पाहिलं. तिने एवढंच विचारलं, "आई, मी बसने गेले तर बाबा बरे होणार आहेत का?" आता निदान ते हेल्मेट घालून जाते. आरशात बघून म्हणाली, "मामाने मला अळंबी करून टाकलं." पण घालते. सकाळी ती फाटकातून बाहेर पडते तेव्हा मी खिडकीत उभी नसते. मुद्दाम भांडी घासायला घेते, नळ मोठा सोडते.

पहिल्या दिवशी ती ते घालूनच घरात आली. यांची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून असते. समोर खिडकी असली की त्यांना बरं वाटतं. तिची पावलं ऐकली आणि हे म्हणाले, "गाडी मागे."

तुला हे माहीत असायचं कारण नाही, कारण तू आलेलाच नाहीस. यांचे शब्द गेले. सगळे गेले असते तरी एक वेळ सवय झाली असती. पण मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की जे शब्द घोटून घोटून पक्के झालेले असतात, ते कधी कधी तेवढेच शिल्लक राहतात. कुणाची प्रार्थना राहते, कुणाच्या शिव्या राहतात. यांचं काय राहिलं सांगू? माझं नाव नाही. पोरीचं नाही. तुमच्या रस्त्यावरच्या आरोळ्या राहिल्या. खड्डा. गाडी मागे. डावीकडे. हळू. इतक्या वर्षांचा संसार माझा, आणि राहिले ते तुझे शब्द.

त्यावर आमचं घर चालतं. गोळी कडू असली की खड्डा. जिन्याची पायरी, खड्डा. मी रडले की तेही खड्डा. दाढी करताना वस्तरा गळ्याशी आला की हळू. लोकांच्या कवळ्या बनवण्यात ज्या माणसाची हयात गेली, केसाएवढा फरक ज्याला बोटाने कळायचा, त्याला आता सूपचा चमचा तोंडापर्यंत नेताना डावीकडे-उजवीकडे सांगावं लागतं. तेव्हा डावीकडे मी म्हणते.

आणि जेवायला बसलो की न चुकता विचारतात, "आहेत का सगळे?" तुमच्यात पुढचा माणूस असं विचारतो ना? यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. शेवटच्याने "आहेत" म्हणायचं. कुणी दमून रेंगाळला असेल तर "एक मागे" म्हणायचं, मग पुढचा हात वर करून सगळ्यांना हळू करतो आणि तो येईपर्यंत कुणी पुढे जात नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, शर्यत नाही आणि काही नाही, मग एवढं कशाला? म्हणाले, यासाठीच तर जातो.

तर हे विचारतात, आणि मी किंवा पोरगी "आहेत" म्हणतो. तरी मागे वळून दाराकडे बघतात. मग जेवतात.

आणखी एक गंमत सांगते. या घरात आता धड भांडताही येत नाही. डोकं फिरलंय का, डोकं खाऊ नकोस, डोक्यात राख घालू नकोस, डोक्याला ताप. काहीही बोलायला जावं तर मध्ये डोकं आलंच. पोरगी आणि मी अर्ध्या वाक्यात थांबतो आणि भांडण तिथेच संपतं. तसा फायदाच म्हणायचा.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी तुला म्हटलं होतं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस, तेवढं मात्र तंतोतंत ऐकलंस.

मी विचारलेल्याचं उत्तर अजून यायचंय.

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

आता दुसरी बाजूही येऊन गेली. तुमच्यातले ते भूगोलाचे मास्तर, चढावर सगळ्यांत पुढे असतात ते. येताना फळं घेऊन आले, म्हणजे काम मोठं असणार हे मी ओळखलं.

ते तुझ्या ठरावाच्या विरोधात आहेत. वाईट माणूस नाही, पटण्यासारखं बोलतात. उन्हात जाड हेल्मेटखाली घाम डोळ्यांत उतरतो आणि रस्ताच दिसेनासा होतो. लांबच्या फेरीत मान भरून येते. नवीन माणसं एवढा जामानिमा बघून सायकलच सोडतील, आणि रस्त्यावर सायकली कमी झाल्या की गाडीवाले आणखी माजतील. शिवाय, असं म्हणून ते जरा अडखळले, शिवाय हेल्मेट विकणाऱ्यानेच हेल्मेटची सक्ती मागावी हे दिसायला बरं दिसत नाही. मग खरं काम सांगितलं. जाड हेल्मेट असतं तरी काही फरक पडला नसता, असं आमच्या डॉक्टरीणबाईंचं मत असेल, तर मी ते दोन ओळींत लिहून द्यावं.

म्हणजे तुला हे पुढच्या रांगेत हवेत आणि मास्तरांना कागदावर. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर नकाशावर यांना कुठे ठेवायचं एवढाच वाद आहे.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. मास्तरांसाठी नव्हे, माझ्यासाठी. त्यांनी डोक्याचे फोटो पुन्हा लावून बघितले. मार कानशिलावर आहे, म्हणाल्या, हलकं हेल्मेट जिथे संपतं त्याच्या जरा खाली. जाड असतं तर कवटीचं हाड बहुतेक वाचलं असतं. पण डोकं गर्रकन फिरलं आणि आत मेंदूला हिसका बसला, त्याचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. कदाचित शब्द वाचले असते. कदाचित नाही. मी म्हटलं, कदाचित घेऊन मी घरी जाऊन काय करू? त्या म्हणाल्या, त्याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल.

मला ते कळायला हवं होतं. आमच्या गोदामात काचेच्या नळ्या बांधण्यात माझा दिवस जातो. परत आलेल्या खोक्यांत असं खोकं असतंच की बाहेरून पोचासुद्धा नाही आणि हलवलं की आत खुळखुळ वाजतं. खोकं जाड करतो, भुसा वाढवतो, तरी एखादं येतंच. पण म्हणून पातळ खोक्यात माल भरा असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मास्तरांना मी तेच सांगितलं. लिहून काही देणार नाही. आणि माझं मत विचाराल तर माणसाने जाडच घालावं. मान भरून आली तर चोळता येते आणि घाम पुसता येतो. ते फळं ठेवून गेले.

तेव्हा ठरावापुरती मी तुझ्या बाजूची आहे, हे तुला कळावं. बाकी कशात नाही. इतक्यांदा विचारूनही जो गप्प बसतो, तो ओरडला नसणार, हे मी आता धरूनच चालले आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तुला त्या उतारावर बघते, पुढे बघत, मजेत, तोंड मिटून. माझा राग त्यावर चाललाय. तो नसता तर सकाळी उठून मी यांना आंघोळ घातली असती की नाही, कुणास ठाऊक.

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

काल तुमच्या ग्रंथपालबाई आल्या होत्या. त्या सकाळी यांच्या मागे तिसऱ्या नंबरवर होत्या त्या.

मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हते. दारातच उभ्या राहिल्या. इतक्या हळू बोलत होत्या की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. त्यांची ती पहिलीच लांबची फेरी होती, म्हणून यांनी त्यांना आपल्या मागे घेतलं होतं. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

तू ओरडला होतास. चांगला दोनदा ओरडलास. खड्डा, उजवीकडे. यांनी ऐकलं, हात खाली करून बोट दाखवलं आणि तुमच्या नियमाप्रमाणे आरोळी मागे दिली. आता मागच्याने "ऐकलं" म्हणून ओरडायचं असतं. बाईंना ते फेरी निघायच्या आधी सांगितलं होतं. पण त्यांनी मान हलवली.

"लायब्ररीत आम्ही मानच हलवतो हो," त्या म्हणाल्या. "मला मोठ्याने बोलायची सवयच नाही."

पुढच्याला मागच्याची हललेली मान दिसते का? यांना उत्तर ऐकू आलं नाही. बाई नवीन, समोर उतार. यांना वाटलं असणार हिला कळलंच नाही, ही जाणार त्यात. म्हणून हे मागे वळून बघायला लागले. एक हात आधीच सुटलेला होता. आणि ज्या खड्ड्याची आरोळी त्यांनी स्वतः मागे दिली, त्यातच त्यांचं चाक गेलं. बाई बाजूने सुखरूप निघून गेल्या. त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.

हे सगळं तुला तेव्हापासून माहीत आहे. बाईंनी तुला तिथेच, रस्त्याच्या कडेला सांगितलं होतं आणि तू त्यांना म्हणालास, "घरी हे सांगू नका. तुमचं काही चुकलेलं नाही. चूक त्या हेल्मेटची आणि ते देणाऱ्याची." माझी पत्रं आल्यावर तू दुकानाच्या पायरीवर बसून ती वाचायचास, हेही त्यांनी सांगितलं. तू "हो" असं एवढंसं जरी लिहिलं असतंस तरी मी पुढचा प्रश्न विचारला असता, मग चुकलं कुणाचं? आणि मला तू ओळखतोस. मी बाईंच्या लायब्ररीत जाऊन उभी राहिले असते.

मी त्यांना रागावले नाही. बोलायला गेले तर त्यांनी मान हलवली आणि मग स्वतःच दचकून "ऐकलं" म्हणाल्या. आतून हे म्हणाले, "हळू."

बारक्या, मला खूप वाईट वाटतंय, पण तुला वाटत असेल तसं नाही. मला कुणीतरी हवं होतं ज्याचं चुकलं. इतके महिने तू होतास. आता तूही राहिला नाहीस, आणि त्या बाईंच्या मान हलवण्यावर कुणाला आयुष्यभर रागावता येईल? मी खड्ड्याचं विचारत राहिले आणि तू टोपल्याचं उत्तर देत राहिलास. माझी पत्रं आणि तुझं खोकं, दोन्ही बरोबर पत्त्यावरच पोचली.

सभेला आम्ही येणार नाही. ते यांच्यासाठी. तुझ्यावरच्या रागाने नाही.

ताई


९ मार्च

बारक्या,

ठराव पडल्याचं अध्यक्षांनी फोन करून कळवलं. तू फार बोललाच नाहीस म्हणे. हेल्मेट टेबलावर ठेवलंस, "मी त्यांना हसलो होतो," एवढं म्हणालास आणि ते तिथेच सोडून निघून गेलास. मागून कुणीतरी दुकानदारीबद्दल पुटपुटलं. तेव्हापासून तुझं दुकान बंद आहे, हे पोरीने सांगितलं. कॉलेजला जाताना ती तुझ्या रस्त्याने जाते. मी सांगितलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलंय.

हेल्मेट अध्यक्षांनी आणून दिलं. मी ते यांना दाखवलं नाही. पण स्टूल घेऊन माळ्यावरून टोपलं काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, कडेकडेने, पूर्वी कवळी चाचपायचे तसं. मग दोन्ही हातांनी धरून बसले. मी खड्ड्याची वाट बघत होते, पण ते म्हणाले नाहीत.

तू हसलास, हे खरं आहे. ते मी पुसून टाकणार नाही आणि तूही टाकू शकणार नाहीस. पण हेही त्या हसण्यात होते, आणि ते हलकं त्यांनी हौसेने घातलं, आरशात दोनदा बघून. मी "छान दिसतंय" म्हटलं होतं. खरंच छान दिसत होतं.

आता काल संध्याकाळचं सांगते. जेवायला बसलो. यांनी विचारलं, "आहेत का सगळे?" पोरगी "आहेत" म्हणणार, तेवढ्यात माझ्याच तोंडून गेलं, "एक मागे."

मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. रोज "आहेत" म्हणायचं आणि रोज त्यांनी मागे वळून दाराकडे बघायचं, ते मला बघवत नाही. ते तसं वळले की मी त्यांची खुर्ची धरून ठेवते. का धरते ते आता तुला वेगळं सांगायला नको. पण काल ते वळले नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला, उजवा हात वर केला आणि तळवा खाली करून दोनदा हलवला. "हळू," म्हणाले.

आणि थांबले. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि तिनेही चमचा ठेवला. सूप निवलं. मी गरम करून आणलं, ते पुन्हा निवलं. मी भरवायला गेले तर त्यांनी तोंड उघडलं नाही. हट्टाने नाही रे. शांत बसले होते, खिडकीबाहेर बघत, जसं रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून कुणी बसावं. शेवटी तसेच झोपले. आज दुपारी मी "आले सगळे" म्हणून पाहिलं. त्यांनी मागे वळून बघितलं, दार रिकामं होतं, आणि चमचा पुन्हा खाली. आता खोटं चालत नाही.

मी तुला माफ केलं का, असं विचारू नकोस. मला माहीत नाही. सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना राग शोधला तर तो जागेवर नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरंही काही नव्हतं. पण या घरात जेवण थांबलंय, आणि ते माझ्यासाठी थांबलेलं नाही.

ये. टोपलं त्यांच्या मांडीवर असेल, ते बघून दारातून परत फिरू नकोस. आणि त्यांची पाठ दाराकडे असते, हे लिहिलंय मागे. पाऊल न वाजवता येऊ नकोस, मान हलवत उभा राहू नकोस. फाटकापासूनच ओरड, तुझ्या त्या आवाजात. त्यांना मागे वळायला लावू नकोस.

ताई